ओट्याभोवतीची सकाळ, १२ बाय १६ इंचांत

घरातली धांदल गोधडीवर आणायची म्हटलं की सगळंच दाखवायचा मोह होतो. कुकर, उतू जाणारं दूध, चार डबे, दप्तर, इस्त्रीला टाकायचे कपडे, पेपर, खाली हॉर्न वाजवणारी स्कूलव्हॅन. छोट्याशा तुकड्यात हे सगळं बसवता येतं, पण मग नजर कुठेच ठरत नाही; धांदल दिसायच्या ऐवजी नुसता पसारा दिसतो. म्हणून मी वस्तू मोजक्या घेते आणि गडबड टाक्यांवर सोपवते. टाके कुठे दाट, कुठे विरळ, रेघा आडव्या की तिरक्या, यावरून ते घर घाईत आहे की निवांत, हे बघणाऱ्याला कळतं. गोधडीचं बळ इथेच आहे. नुसतं चित्रच हवं असेल तर कागद आणि रंग पुरतात.

ही कृती सकाळी डबे भरायच्या वेळेवर केलेल्या भिंतीवरच्या छोट्या गोधडीची आहे. आकार १२ बाय १६ इंच. हा आकार मी ठरवून घेते. तो मांडीवर मावतो, मधल्या टाक्यापर्यंत हात सहज पोचतो, फ्रेम लागत नाही, आणि गुंडाळून पिशवीत टाकला तर लोकलमध्येही दोन रेघा होतात. आणखी एक सोय अशी की १२ आणि १६ बाजूंच्या आयताचा कर्ण बरोबर २० इंच येतो. शेवटी तुकडा काटकोनात आहे की नाही हे बघायला दोन्ही कर्ण टेपने मोजले की झालं. गुण्या शोधावा लागत नाही.

कापड घरातल्या माणसांच्या वापरलेल्या कपड्यांचं घ्यावं. ते मायेचं असतं हे खरंच, पण शिवणकामाच्या दृष्टीनेही ते उजवं ठरतं: आटायचं तेवढं आटून झालेलं असतं, सुई त्यातून लोण्यासारखी जाते, आणि एकाच कपड्यात एका रंगाच्या दोन-तीन छटा मिळतात. सुती सहावारी घ्या. निऱ्यांच्या खालचा भाग आणि बसून विरलेला भाग बाजूला काढला तरी पदर आणि आतून खोचायचं टोक धड असतं. त्या खोचायच्या टोकाला ऊन लागलेलं नसतं, म्हणून तिथला रंग बाकीच्या साडीपेक्षा गडद असतो. ओट्याची उन्हातली बाजू पदराच्या जवळच्या कापडाची आणि सावलीतली बाजू खोचलेल्या टोकाची केली, तर एकाच साडीत ऊन-सावली होते.

पुरुषांच्या सुती शर्टात पाठीचा भाग सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी झिजलेला. कॉलर आणि कफ बहुधा कडेला विरलेले असतात, ते सोडून द्यावेत. खिसा मात्र हलक्या हाताने उसवावा. त्याच्याखाली मूळ रंगाचा गडद चौकोन राहिलेला असतो, आणि त्याभोवती शिवणीची बारीक भोकं. या गोधडीत खिडकी म्हणून मी तोच चौकोन वापरते. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतात वापरून जुन्या झालेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या, त्यांतही असे न विटलेले खिशांचे चौकोन उघड दिसतात. २००२ मध्ये त्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या होत्या. कपडा कोणी आणि कसा वापरला, हे तो चौकोन न बोलता सांगतो, म्हणून तो झाकून टाकू नये.

प्रत्येक कापड कामाचं नसतं. दोन अंगठ्यांमध्ये धरून आधी उभं, मग आडवं ताणून बघायचं. फाटण्याचा बारीक आवाज आला किंवा उजेडात धरल्यावर धागे सरकलेले दिसले, तर ते कापड फक्त आतल्या थरात घालायचं. जुन्या रेशमी साड्या घडीवर तुटतात. काठ कितीही सुंदर असला तरी असं रेशीम वर लावलं की वर्षभरात चिरा पडतात. शाळेचा गणवेश बहुतेक वेळा टेरीकॉटचा असतो: कड फारशी उसवत नाही, पण सुती कापडाच्या इस्त्रीने तो चकाकतो किंवा वितळतो, आणि तीन थरांतून हाताने टाका घालताना बोटं दुखतात. त्याचा एकच तुकडा, दप्तर किंवा टायएवढा, तोही इस्त्री मध्यम ठेवून. टी-शर्टचं होजियरी कापड ताणलं जातं, त्यामुळे मागून पातळ पेस्टिंग चिकटवल्याशिवाय कापूच नये. पेस्टिंग शिंप्यांच्या सामानाच्या दुकानात मिळतं. कॉलरला घालतात ते जाड नको, सुई अडते.

छापाचा आकारही बघावा लागतो. अर्ध्या इंचापेक्षा मोठं फूल एवढ्या लहान गोधडीत फूल म्हणून दिसत नाही, डाग दिसतो. बारीक चौकडा, बारीक रेघ, बुट्टी, खणाचं कापड हे सगळं छान बसतं. सगळेच तुकडे छापील असतील तर आकार एकमेकांत मिसळतात, म्हणून निम्म्याहून जास्त कापड साधं ठेवते.

धुणं आणि रंगाची परीक्षा टाळायची नाही. पांढऱ्या ओल्या फडक्याचा तुकडा कापडावर ठेवून वरून गरम इस्त्री काही क्षण दाबायची. फडक्यावर रंग उतरला तर ते कापड कोमट पाण्यात साबणाने, पाणी नितळ येईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवायचं. लाल, कुंकवाचा, गडद निळा आणि काळा यांच्याबाबतीत तर नक्कीच. मिठाच्या पाण्यात बुडवून सुटणारा रंग पक्का होतो असा सर्रास समज आहे. पण रंगवताना जो रंग धाग्यात बसलाच नाही, त्याला मीठ नंतर धरून ठेवू शकत नाही. धुवूनही रंग सुटत राहिला तर ते कापड या गोधडीत घालायचं नाही, कारण शेवटी आपण ती ओली करणार आहोत.

मऊ झालेली मलमल कापताना हातात वितळल्यासारखी वागते, सरळ रेघ मिळत नाही. त्यावर खळ हा उपाय. एक लिटर पाण्यात दोन चमचे आरारूट शिजवून, गाळून, कापड त्यात बुडवायचं, घट्ट पिळून सावलीत वाळवायचं आणि थोडं दमट असतानाच इस्त्री करायची. तांदळाची पातळ पेजही चालते. कापड कागदासारखं उभं राहतं, कड मुडपताना घडी पक्की बसते. फक्त काम संपल्यावर ही खळ धुऊन काढायलाच हवी. राहिली तर झुरळं आणि कसर तिथे हमखास येतात.

आता चित्र. मोबाइलवर फोटो काढून तोच गिरवला तर बरण्यांची झाकणंसुद्धा येतात आणि आपण परत पसाऱ्यात अडकतो. फोटो आठवणीपुरता ठेवून मी ओट्याकडे बघत ठळक आकार तेवढे काढते. या गोधडीत आठच आकार आहेत: भिंत, ओटा, खिडकी, कुकर, उघडा डबा, पाठमोरी बाई, तिचा पुढे आलेला हात, आणि खाली टेकवून ठेवलेलं दप्तर. घड्याळ आहे, पण ते दोऱ्याचं, आणि डब्यावरचं छोटं फडकं या आठांत धरलेलं नाही. चेहरा दाखवत नाही. एवढ्या आकारात चेहरा पाऊण इंचाचा होतो, त्यात डोळे-नाक भरले की तो बाहुलीचा वाटतो. उलट पाठमोरी उभी राहण्याची ढब, एका पायावर दिलेला भार, कमरेला खोचलेला पदर यांतून घाई चटकन कळते. पदर खोचलेला दाखवायला वेगळं काही लागत नाही: साडीच्या तुकड्यावर कमरेशी एक सूतभर चूण घालायची आणि दोन टाक्यांनी धरून ठेवायची.

मापासाठी मी सूत धरते, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मुडपायची कड दोन सूत, म्हणजे पाव इंच. ज्या आकाराची पूर्ण झालेली रुंदी अर्ध्या इंचापेक्षा कमी आहे तो कापडाचा करायचाच नाही, कारण दोन्ही बाजूंची मुडपलेली कड आत एकमेकींवर चढते आणि गुठळी होते. कुकरची मूठ, डब्याची कडी, दप्तराचा पट्टा हे सगळं दोऱ्याचं. बोटंसुद्धा वेगवेगळी कापत बसायचं नाही. पंजा एकसंध कापायचा, कड मुडपून लावायचा, आणि मग बोटांच्या मधल्या रेघा उलट्या टिपेने घालायच्या. टीप जराशी ओढून घातली की रेघ आत जाते आणि बोटं उठून येतात.

पूर्ण मापाचं चित्र बटर पेपरवर काढून आकारांना मागून पुढे असे नंबर द्यायचे: भिंत १, खिडकी २, ओटा ३, असं हातापर्यंत. हाच लावायचा क्रम. जो तुकडा दुसऱ्याच्या खाली जातो, त्याची ती कड मुडपायची नाही, सपाट अर्धा इंच जास्त ठेवून खाली सरकवायची. हे विसरलं तर दोन तुकड्यांच्या फटीतून खालचं कापड डोकावतं. महत्त्वाचं काहीही कडेपासून पाऊण इंचाच्या आत यायला नको, कारण तिथे पुढे गोट, म्हणजे कडेची पट्टी, येणार आणि कापताना थोडं इकडेतिकडे होणार. पेस्टिंगवर आकार गिरवताना तो उलटा गिरवायचा, नाहीतर डाव्या हाताची बाई उजव्या हाताची होते.

कापडावर खुणा करायला दर्जीचा खडू किंवा हलक्या हाताने पेन्सिल बरी. पाण्याने जाणारी निळी पेनं सोयीची आहेत, पण त्या खुणेवर इस्त्री फिरली की ती पक्की होऊन बसते. आधी खूण पाण्याने घालवायची, कापड वाळू द्यायचं, मगच इस्त्री.

तुकडे लावताना जाड कागदाचा साचा कापडाच्या उलट बाजूवर ठेवून, भोवती दोन सूत सोडून कापायचं. खळ दिलेली कड साच्यावर मुडपून इस्त्रीने दाबायची, मग साचा काढून घ्यायचा. बाहेर गोलाई असेल, म्हणजे कुकरचं पोट, तर कड एक सुतापर्यंत छाटायची, कात्रे द्यायचे नाहीत. कात्रे दिले की गोलाईला कोन पडतात. आत जाणारी गोलाई असेल, म्हणजे बाईची मान किंवा कोपराची खोबण, तर कात्रे द्यावेच लागतात, घडीच्या रेघेला एक-दोन धागे उरेपर्यंत. कमी दिले तर कड ताणते आणि मुडपतच नाही. लावायला साधा शिवणाचा सुती दोरा पुरतो, आणि त्याचा रंग खालच्या कापडाशी नाही, वरच्या तुकड्याशी जुळवायचा. तुरपाईचा टाका घडीच्या अगदी टोकाचे दोनच धागे उचलेल असा. इंचाला दहाच्या आसपास टाके पडले की कड उचलत नाही.

डब्यावर झाकायचं फडकं मात्र मी कच्च्या कडेचं ठेवते. जुन्या पंचाचा तुकडा, तिरका कापलेला, कडेपासून एक सूत आत धावदोरा. तिरका कापल्यामुळे धागे सुटतात पण सुटत जात नाहीत, आणि ती विस्कटलेली कड त्या वेळेला शोभते. सगळ्याच कडा अशा ठेवल्या तर वर्षभरात सगळा तुकडा केसाळ होतो. एखादी जागा पुरे.

वरचा थर तयार झाला की मागून जिथे तीन-चार थर जमले असतील तिथलं खालचं कापड कापून काढायचं, शिवणीपासून दोन सूत सोडून. कुकर, ओटा, भिंत आणि पायाचं कापड एकावर एक आले तर सुई जातच नाही. हे काम बोथट टोकाच्या छोट्या कात्रीनेच करावं. टोकदार कात्रीने पुढचं कापड कापलं गेलं तर ती जागा झाकायला नवा तुकडा लावण्यावाचून गत्यंतर नाही.

थर तीन. वरच्या चित्राचं पायाचं कापड १४ बाय १८ इंच, मधलं भरण आणि मागचं अस्तर १५ बाय १९. हाताचे दाट टाके घातले की कापड दोन्ही दिशांनी अर्धा-पाऊण इंच आखडतं, म्हणून हे जास्तीचं. भरणाला मी जुन्या मलमलीच्या साडीचे दोन थर घालते. पिंजलेला कापूस भिंतीवरच्या गोधडीला नको. टाके दोन इंचांपेक्षा लांब गेले की त्याच्या गाठी होतात आणि लटकवल्यावर तो खाली सरकतो. पॉलिएस्टरची वॅडिंग, म्हणजे भरणाचा तयार थर, फुगते छान, पण बारीक टाके तिच्यात बुडून जातात. ज्या कामात टाकाच बोलणार आहे, तिथे साडी किंवा पातळ सुती फलाणीन उत्तम.

अस्तर उलटी बाजू वर करून फरशीवर पसरायचं आणि कडा फरशीच्या सांध्यांच्या रेघेला लावून चिकटपट्टीने ताणायच्या. ताणायचं म्हणजे सुरकुती जाण्यापुरतं. जास्त ताणलं तर पट्टी काढल्यावर अस्तर आखडतं आणि वरच्या बाजूला झोल येतो. त्यावर भरण, त्यावर चित्र, तेही त्याच सांध्यांना लावून. मग मधून बाहेर, चार चार बोटांवर कच्चे टाके, आधी अधिक चिन्हात, नंतर तिरके. टाचण्यांवर काम भागतं असं वाटतं, पण मांडीवर घेऊन शिवताना दोरा त्यांत सारखा अडकतो.

पूर्वापार अंथरायच्या-पांघरायच्या गोधडीत अनेक ठिकाणी कडेपासून सुरुवात करून आत आत जातात. कर्नाटकातल्या सिद्दी समाजातल्या बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, हीसुद्धा अशीच कडेपासून मध्याकडे वळसे घेत शिवली जाते, आणि तिच्या कोपऱ्यांवर त्रिकोणी फुलं लावतात. तिथे तुकडे शिवतानाच मुडपून बसवत नेतात, त्यामुळे मध्ये आलेला झोल पुढच्या तुकड्यात मुरतो. आपलं चित्र आधीच पक्कं बसलेलं आहे, झोलाला जायला जागा नाही. म्हणून इथे मधून बाहेर.

आता मुख्य काम. दोरा अँकरचा सहापदरी, त्यातले दोन पदर. सुई भरतकामाची ७ किंवा ८ नंबरची, मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून घालायची टोपी. दोऱ्याची लांबी हातभर, म्हणजे १८ इंच. त्याहून लांब घेतला की पीळ पडतो आणि शेवटचा भाग पिंजतो. पार्श्वभूमीवर दोन सूत अंतराने आडव्या रेघा घातल्या, तर १६ इंच उंचीत ६४ रेघा येतात, प्रत्येकी १२ इंचांची, म्हणजे साडेएकोणीस मीटर. टाक्याच्या वरखाली जाण्यात आणि गाठींत आणखी दहा-पंधरा टक्के जातात. एक लडी ८ मीटरची, दोन-दोन पदर सोडवले की २४ मीटर होतात. चित्राचे आकार सोडून रेघा घातल्या तर एक लडी पुरते, पण त्याच रंगाची दुसरी आधीच घेऊन ठेवावी. रंगाचा नंबर तोच असला तरी वेगवेगळ्या वेळी रंगवलेल्या लड्यांत छटेचा फरक पडू शकतो.

आधी प्रत्येक आकाराच्या बाहेरून, कडेला चिकटून एक फेरा. त्याने आकार उठतो आणि थर घट्ट धरले जातात. बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या भुसुरा गावाकडच्या सुजनी नावाच्या गोधडीकामात आकृतीची बाह्यरेषा गडद दोऱ्याच्या साखळी टाक्याने घेतात आणि मागची जमीन कापडाच्याच रंगाच्या बारीक धावदोऱ्याने भरून काढतात. रोजच्या जगण्यातली दृश्यं तिथल्या बायका या दोनच टाक्यांत मांडतात. त्यातली दुसरी युक्ती मी घेते: जमिनीचा दोरा जमिनीच्याच रंगाचा. टाका डोळ्यांत भरत नाही, पण उजेड तिरका पडला की पृष्ठभाग हलताना दिसतो.

मग दिशा ठरवायच्या. ओट्याच्या रेघा आडव्या, सरळ, दोन सुतांवर. भिंतीच्या रेघा कुकरपाशी सुरू होऊन त्याच्याभोवती वळसे घेत बाईच्या पाठीपर्यंत जातात आणि तिथून तिरक्या होऊन दप्तराकडे उतरतात. तिरकी रेघ नजरेला ढकलते, ओट्याकडून दाराकडे, म्हणजे सकाळी घरातली माणसं जातात त्याच दिशेने. ओट्याभोवतीच्या भिंतीवर इंचाला सात-आठ टाके आणि रेघांतलं अंतर एक सूत; दाराच्या बाजूला इंचाला सहा टाके, अंतर दोन सूत. खिडकीचा चौकोन, साधारण ३ बाय साडेतीन इंचांचा, पूर्ण मोकळा. भोवतीच्या दाटीमुळे तो आपोआप फुगून येतो. सगळ्या गडबडीत तेवढीच जागा स्वस्थ राहते, आणि त्या स्वस्थ जागेमुळेच बाकीची गडबड जाणवते. तीही टाक्यांनी भरून टाकली तर दाट-विरळाचा सगळा खेळच जातो.

कुकरची वाफ नीट बघून घालायची. तिला एकच पदर, पांढरा नाही तर फिकट राखाडी. पांढरा दोरा भिंतीवर ओरखड्यासारखा दिसतो. शिट्टीपाशी चार रेघा अर्ध्या सुताच्या अंतराने उठतात, वर जाताना पसरत तीन सुतांवर जातात. तसतसे टाके लहान होत जातात आणि टाक्यांतली मोकळी जागा मोठी. शेवटचे दोन-तीन टाके नुसते ठिपके. रेघ एकदम तोडली तर ती वाफ राहत नाही, तार होते. त्याच्या वर घड्याळ: देठटाक्याचं पाऊण इंचाचं वर्तुळ, बारा-तीन-सहा-नऊच्या जागी गाठीचे टाके, आणि सात वाजून दहा मिनिटं दाखवणारे दोन लांब टाके.

गाठ मागे दिसू द्यायची नाही. छोटी गाठ मारून सुई टाका सुरू होण्याच्या इंचभर अलीकडे वरून आत घालायची, हलका झटका दिला की गाठ टक्कन आत जाऊन मधल्या थरात बसते. संपवतानाही असंच. दोऱ्याला मेण लावलं तर गुंता कमी होतो, पण फिकट कापडावर नंतर इस्त्री केली की मेणाचे तेलकट ठिपके उमटतात. सुई कापडात अडकवून ठेवून उठायची सवय मोडावी, पावसाळ्यात तर एका रात्रीत गंजाचा डाग पडतो.

दाट-विरळ टाक्यांची एक किंमत असते. मध्य दाट आणि कडा सैल राहिल्या तर कडांना लाटा येतात. कडा दाट आणि मध्य सैल राहिला तर तुकडा मधून फुगतो. काम चालू असताना तो अधूनमधून फरशीवर टाकून बघायचा. लाट दिसली तर तिथे दोन रेघांच्या मध्ये आणखी एक रेघ घालायची. टाके उसवून काही साधत नाही. थोडाफार झोल शेवटी पाण्याने जातो, पण बोटभर लाट पाण्याने जात नाही.

टाके पूर्ण झाले की कच्चे टाके काढून तुकडा कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवायचा, म्हणजे खळ आणि खडू दोन्ही जातात. पिळायचा नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा. मग जाड पुठ्ठ्यावर किंवा सतरंजीवर टॉवेल पसरून तुकडा त्यावर ताणून टाचण्यांनी बसवायचा आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. पंखा चालेल, ऊन नको. वाळल्यावर पट्टीने १२ बाय १६ ची रेघ मारायची, कर्ण मोजायचे. एक २० आणि दुसरा सव्वावीस आला तर रेघ पुन्हा मारायची, कापड ओढून जुळवायचं नाही.

गोटासाठी दोन इंच रुंद पट्टी, दुमडून दुहेरी. परीघ ५६ इंच, कोपरे आणि जोड धरून ६६ इंच पट्टी लागते, म्हणजे साडीच्या पन्ह्यातून दोन पट्ट्या. सरळ कडांना सरळ कापडाची पट्टीच घ्यावी. क्रॉस, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी ताणली जाते आणि कड लहरते. ती गोल कडांसाठी. पट्ट्यांचा जोड तिरका द्यायचा, म्हणजे गुठळी एका जागी येत नाही, आणि हा जोड कोपऱ्यावर येणार नाही हे शिवायच्या आधी पट्टी भोवती फिरवून बघायचं. पुढून दोन सुतांवर टीप, कोपऱ्याच्या दोन सूत अलीकडे थांबायचं, पट्टी आधी वर, मग खाली दुमडून पुढची बाजू सुरू करायची. मागे वळवून तुरपाई.

गोट लावायच्या आधीच मागच्या वरच्या दोन कोपऱ्यांवर चार इंची चौकोनांचे तिरके दुमडलेले त्रिकोण टाचून घ्यावेत, गोटाच्या शिवणीत ते पकडले जातात. त्या दोन खिशांत साडेअकरा इंचांची बांबूची काडी अडकवली आणि काडीचा मध्य खिळ्यावर टेकवला की तुकडा सरळ लटकतो. वेगळी नळी शिवायची गरज पडत नाही. काडी खिशांत घट्ट बसली तर वरची कड कमानीसारखी वाकते, म्हणून सूत-दोन सूत सैल हवी.

याच मापात आणि याच पद्धतीने दाराबाहेरच्या चपला किंवा गॅलरीतल्या दोरीवरचे कपडे हे विषय सुंदर होतात. चपलांना दाट टाके उंबऱ्याच्या बाजूला आणि मोकळी जागा जिन्याकडे. दोरीवरच्या कपड्यांत वाऱ्याची दिशा एकच ठेवायची आणि सगळ्या रेघा तिकडे वळवायच्या. चपलांचे पट्टे अर्ध्या इंचाच्या आतले असतात, ते दोऱ्याचेच करावेत.

मागे मांजरपाटाचा छोटा तुकडा शिवून त्यावर पक्क्या शाईने लिहावं: वर्ष, कोणाची साडी, कोणाचा शर्ट, खिडकी कुठल्या खिशाखालची. हे लिहिलं नाही तर पुढच्या पिढीला ते नुसतं जुनं कापड. लावताना स्वयंपाकघरात लावू नये, तेलकट थर बसतो आणि तो धुताना टाके ओढले जातात. थेट ऊन येणारी भिंतही नको. काचेत बसवायची असेल तर काच कापडाला टेकता कामा नये, पावसाळ्यात आत दमटपणा धरून बुरशी येते. ठेवून द्यायची झाली तर घडी घालू नये. चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून जुन्या मलमलीच्या गुंडाळीवर गुंडाळावी, आणि डांबरगोळी ठेवलीच तर पुरचुंडीत बांधून, कापडाला न लागेल अशी.